ऐनवेळी बोलावलेली माणसं

मला एका जागी बसायचा लहानपणापासून कंटाळा. घरी सत्यनारायण असला की तिसऱ्या अध्यायापर्यंत मी कशीबशी तग धरायचे, मग प्रसादाच्या पातेल्याजवळ जाऊन उभी राहायचे. शाळेत बाकावर माझा एक पाय कायम बाहेर. आणि नशीब बघा, पुढं मला आयुष्यात पगार मिळाला तो बसून राहण्याचाच.

मी बेसबॉलची रिलीफ पिचर होते. हे सांगितलं की समोरचा माणूस आधी 'क्रिकेटसारखंच ना ते?' म्हणतो. पूर्वी मी भांडायचे. आता हो म्हणते आणि चहा घेते. पण क्रिकेटमध्ये गोलंदाज षटक टाकून सीमारेषेवर जाऊन टाळ्या घेऊ शकतो. आमच्याकडे पिचर म्हणजे चेंडू टाकणारी एकच, आणि ती टाकते टाकते ते थकेपर्यंत किंवा मार खाईपर्यंत. तिचा मार खाऊन झाला, बेसवर, म्हणजे धाव पुरी करायच्या वाटेवरच्या टप्प्यांवर, समोरच्या संघाच्या पोरी उभ्या राहिल्या, आपल्या बाकावर सगळ्यांची तोंडं पडली, की मग मला हाक यायची. तोवर मी मैदानाच्या कडेला जाळीआड खुर्ची टाकून बसलेली. अधूनमधून उठून खांदा मोकळा करायचा, चार चेंडू टाकायचे, परत बसायचं. त्या जाळीआडच्या जागेला इंग्रजीत काही का म्हणेनात, आमचे सर तिला गोठा म्हणायचे. 'गोठ्यात कोण हाय?' असं ते ओरडले की मी उभी राहायचे.

सर गंगापूर तालुक्यातले. घरी ऊस, कापूस, आणि हे इकडं शहरात पोरींना चेंडूफळी शिकवायला आलेले. शाळेत असताना त्यांनी मला आमखास मैदानावर पाहिलं. आम्ही तेव्हा सॉफ्टबॉल खेळायचो, त्यात चेंडू खालून टाकतात. मी एकदा चिडून वरून फेकला, तो पार पलीकडच्या झाडात जाऊन अडकला. कुणावर चिडले होते ते आता आठवत नाही, बहुतेक पंचांवर. सर झाडाकडं बघत म्हणाले, 'लई राग हाय गं तुला. उद्यापास्नं बेसबॉलला ये.' अशी माझी निवड झाली. पुढं जिल्हा, मग राज्य, आणि कॉलेज संपतासंपता एका सरकारी खात्यानं खेळाडू म्हणून मला घेतलं. ऑफिसात माझ्या नावाची खुर्ची होती, पंखाही होता, पण माझं काम मैदानावर. हजेरी तिथं, घाम तिथं, पगार इथं. गल्लीतल्या बायका आईला विचारायच्या, 'पोरगी काय करायली सध्या?' आई म्हणायची, 'सरकारी नोकरीत आहे.' त्यापुढचं ती सांगत नसे.

बाबांना मात्र मी काय करते ते पहिल्या दिवशीच समजलं. आमचे बाबा भिक्षुकी करतात. गुलमंडीच्या मागच्या गल्लीत, कापडाच्या दुकानावरच्या मजल्यावर आम्ही राहायचो. शहरात बडे गुरुजी आहेत, त्यांना सहा-सहा महिने आधी बोलावणं असतं, त्यांचे फोटो लग्नाच्या अल्बमात येतात. बाबा त्यातले नव्हेत. तुळशीचं लग्न लागलं की शहरात लग्नांची अशी झुंबड उडते की एकाच दिवशी एकेक गुरुजी तीन-तीन लग्नं घेऊन बसतात. सकाळी एका कार्यालयात पूजा सांगायची, दुपारी दुसरीकडं लग्न लावायचं, संध्याकाळी तिसरीकडं. त्यात बीड बायपासला एखादा ट्रक आडवा झाला की झालं. मुहूर्त जवळ आला, नवरी हार घेऊन उभी, आणि गुरुजी वाळूजच्या रस्त्यावर रिक्षात अडकलेले. मग बाबांचा मोबाइल वाजायचा. मुहूर्ताच्या दिवशी बाबा सकाळपासून धोतर नेसून, जेवणसुद्धा हलकं करून, फोनशेजारी बसलेले असत. अंतरपाट, पंचांग, सुपाऱ्या, अक्षता अशी सगळी पिशवी भरलेली. स्कूटरचं तोंड रस्त्याकडं केलेलं. सगळी भिक्षुक मंडळी त्यांना ऐनवेळचे गुरुजी म्हणत, आणि बाबांना त्याचं काही वाटत नसे.

मी पहिल्यांदा संघात निवडून आले तेव्हा बाबांना समजावत होते, की दुसऱ्या कुणाचं बिनसलं की मला बोलावतात, तोवर मी तयार राहून बसते. बाबा पोळी खाता खाता थांबले आणि म्हणाले, 'म्हणजे आपलाच धंदा की.' आणि इतके खूश झाले की दूध-पोळी पुन्हा वाढून घेतली.

लहानपणी मी त्यांच्या स्कूटरवर मागं पिशवी धरून बसून अशा कितीतरी लग्नांना गेले आहे. गेल्यावर काय दिसायचं ते सांगते. कार्यालयाच्या दारातच मुलीचा मामा लाल होऊन उभा. आत कुणी कुणाला ओरडतंय, वरमाई रुसलेली, बँडवाले उगीचच तीच धून परत परत वाजवतायत. बाबा आत शिरले की सगळे त्यांच्या अंगावर. 'गुरुजी, मुहूर्त चाललाय!' बाबा शांतपणे पाट मागायचे. त्यावर बसायचे. आणि पाणी मागायचे. आणलेला पेला दोन्ही हातांनी धरून सावकाश, घोट घोट करून संपवायचे. मला मागं उभं राहून अंगाची लाही व्हायची. इकडं लोक बोंबलतायत आणि आमचे बाबा पाणी पितायत! पण खरं सांगते, पेला रिकामा होईपर्यंत मांडव गप्प झालेला असायचा. मामा बायकोच्या कानात काहीतरी हसून सांगत असायचा. मग बाबा पेला खाली ठेवून एवढंच विचारायचे, 'कुठपर्यंत झालंय?'

पुण्याहवाचन झालंय? झालंय. बरं, मग पुढं. आधीच्या गुरुजींनी काय गोंधळ घातला, उशीर कुणामुळं, हे त्यांनी कधी विचारलं नाही. एकदा एका मांडवात आधीच्या गुरुजींनी अर्धं काम चुकीचं करून ठेवलेलं, हे मला, शेंबड्या पोरीलाही दिसत होतं. परत येताना मी स्कूटरवर तणतणत होते. बाबा म्हणाले, 'ते त्यांच्या घरचं. आपण आलो तिथून आपलं.' आणि कधी कधी स्कूटर क्रांती चौकापर्यंत पोचायची आणि फोन यायचा, मूळ गुरुजी आले, आता नको. मग बाबा शांतपणे स्कूटर वळवायचे. तेव्हाही मीच तणतणायचे.

माझ्या पहिल्या मोठ्या सामन्यात हे सगळं मी साफ विसरले. बोलावणं आलं तशी पळत मैदानाच्या मध्यावर गेले, आधीच्या पिचरच्या हातातून चेंडू जवळजवळ हिसकावला, आणि तिच्याकडं असं बघितलं की ती बिचारी रडत बाकावर गेली. चेंडू टाकला तो थेट कॅचरच्या, म्हणजे फलंदाजामागं बसून चेंडू झेलणारीच्या, डोक्यावरून. बेसवरच्या पोरी धावत सुटल्या. घरी येऊन मी हे तावातावानं सांगितलं तर बाबांनी विचारलं, 'पाणी प्यायलीस का?' मी म्हटलं, 'बाबा, तिथं पाटावर बसवत नाहीत.' ते म्हणाले, 'पाणी तर देतात ना?'

तेव्हापासून मी पाणी प्यायला लागले. मैदानाच्या मध्यावर गेलं की आधी बाटली मागायची, गुडघ्यावर बसून सावकाश प्यायची, बुटाची नाडी बघायची. पंच घड्याळ बघायचे. फलंदाज पोरगी आधी चिडायची, मग हातातली बॅट खाली टेकवायची. मग मी आधीच्या पिचरकडून चेंडू घ्यायचे, दोन्ही हातांनी, आणि तिला 'बस आता, सावलीत बस' म्हणायचे. बेसवर ज्या उभ्या असत त्या माझ्यामुळं नव्हेत, त्याचं मी काही मनात घेत नसे. सर खूश. म्हणायचे, 'हिला कुणीतरी शांत केलंय राव. आपल्याच्यानं तर झालं नसतं.'

पण बाबांनी मला चेंडू टाकताना एकदाही पाहिलं नव्हतं. हे मला लागायचं, आणि मी ते त्यांना वर्षानुवर्षं ऐकवत आले. आमचे सामने थंडीत आणि त्यांचे मुहूर्तही थंडीत. एकदा ते शहरातल्याच सामन्याला येऊन बसले, सामना सुरू व्हायच्या आत फोन आला आणि पिशवी उचलून निघाले. दुसऱ्यांदा त्यांनी हिशोब केला. ऐनवेळची माणसं काही सुरुवातीला लागत नाहीत, म्हणून पडेगावचं एक लग्न लावून, अक्षतांचे दाणे खांद्यावर घेऊन सावकाश आले. त्या दिवशी आमची मुख्य पिचर सुरुवातीलाच कोसळली होती. मी लवकर जाऊन टाकून, दमून, परत येऊन केळं खात बसले होते. बाबा शेजारी बसून म्हणाले, 'आता तुझी वेळ कधी येणार?' मी केळ्याचं साल त्यांच्या हातात दिलं. घरी गेल्यावर ताट घेऊन आतल्या खोलीत बसले. आई म्हणाली, 'तुम्ही दोघं एकमेकांना फक्त पत्रिका पाठवत जा.'

मग खांदा बिघडला. रिलीफ पिचर कमी टाकते असं लोकांना वाटतं, पण आमचं अर्धं टाकणं गोठ्यातच होतं, तयार राहण्यात. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून बघितला आणि सांगितलं, या मोसमात जपून खेळा, मग पुरे. खात्यानंही सांगितलं की पुढच्या वर्षीपासून तुम्ही नव्या पोरींना शिकवा. वाईट वाटलं, पण खोटं कशाला बोलू, आतून थोडं हायसंही वाटलं. एकच गोष्ट सलत होती. शेवटची स्पर्धा आमच्याच शहरात होणार होती आणि ती नेमकी भर लग्नसराईत. मी बाबांना काही म्हटलं नाही. म्हणून म्हणून थकले होते.

अंतिम सामन्याच्या दिवशी सकाळी बघते तर बाबा पँट-शर्टात. बाबांना पँटमध्ये मी फक्त बँकेत जाताना पाहिलेलं. बाहेरच्या खोलीत फोन वाजत होता आणि आई तो उचलून सांगत होती, 'नाहीत हो ते. नाहीत म्हणजे नाहीतच.' बाबा आरशापुढं भांग पाडत होते. त्यांनी आदल्या दिवशी साऱ्या गुरुजींना फोन करून सांगून टाकलं होतं की उद्या आपापल्या रिक्षा वेळेवर काढा, मी नाही. फोन घरी ठेवून ते माझ्याबरोबर निघाले. इतका चांगला मुहूर्त असलेला दिवस त्यांनी कधी सोडला नव्हता. मी स्कूटरवर मागं बसले होते, म्हणून माझे डोळे भरलेले त्यांना दिसले नाहीत.

आमची मुख्य पिचर त्या वर्षी नवीनच होती. गंगापूरकडचीच पोरगी, सरांच्या नात्यातली नाही, पण त्यांच्याच भाषेतली. हाताला अशी जोरकस की कॅचर रोज संध्याकाळी तळहात बर्फात बुडवून बसायची. रागही माझ्यासारखाच. मीच तिला वर्षभर पाणी प्यायला शिकवलं होतं. सुरुवातीला ती म्हणायची, 'ताई, मला तहानच नाय लागत तर कशाला पिऊ?' मी म्हणायचे, 'तहानेसाठी नाही गं बाई, पी.'

त्या दिवशी ती सुंदर टाकत होती. मी गोठ्यात खुर्चीवर. पायऱ्यांवर बाबा, डोक्यावर छत्री, मांडीवर आईनं दिलेला डबा. प्रत्येक इनिंग संपली की बाबा माझ्याकडं बघायचे आणि मी हातानं 'अजून नाही' सांगायचे. सर दोनदा म्हणाले, 'तयार राहा.' दोनदा उठून मी चेंडू टाकले, खांदा कुरकुरला, परत बसले. सामना सरकत होता, आम्ही एका धावेनं पुढं होतो, आणि मनात मी देवाला काय मागत होते ते सांगते. त्या पोरीनं जरा मार खावा. आपल्याच संघाच्या पिचरनं! पण मला बाबांना तो चेंडू दाखवायचा होता.

आणि देवानं ऐकलं. शेवटच्या इनिंगला तीनपैकी दोन बाद झाले आणि मग तिची लय गेली. वाकडे चेंडू टाकून एकीला फुकट बेस दिला, दुसरीनं फटका मारला, तिसरीलाही फुकट. तिन्ही बेस भरले. एक फटका लागला असता तर सामना गेला असता. मी जाकीट काढलं. पायऱ्यांवर बाबा छत्री मिटून उभे राहिले.

सर बाकावरून उठून आधी माझ्याकडं आले. जाळीत बोटं अडकवून हळू आवाजात म्हणाले, 'चल. बाबा आल्येत तुझे, माहिताय मला. शेवटचा दिवस हाय. जाऊन टाक.'

मी चेंडू उचलला आणि मैदानाकडं बघितलं. मध्यावर ती पोरगी गुडघ्यावर बसली होती. तिनं बाटली मागून घेतली होती आणि दोन्ही हातांनी धरून घोट घोट पीत होती. पंच तिच्याकडं बघत होते, समोरची फलंदाज बॅट फिरवत होती, आणि ही पाणी पीत होती. मग तिनं बाटली परत दिली, बुटाची नाडी ओढली, आणि उभी राहिली. एवढ्या वेळात तिनं एकदाही गोठ्याकडं बघितलं नाही. इतकी वर्षं त्या जाळीआड बसून मला एक कळलंय, जिला सुटका हवी असते ती आधी गोठ्याकडं बघते. मुंडी आपोआप वळते. हिची वळली नाही.

मला असा राग आला म्हणून सांगू. तिचा, सरांचा, बाबांच्या मुहूर्तांचा, आणि सगळ्यात जास्त माझा, कारण पुढचं वाक्य मीच बोलणार होते हे मला कळून चुकलं होतं.

'सर, तिला राहू द्या. तिचं नीट चाललंय.'

'नक्की का? परत नाय मिळायचा हा दिवस.'

'व्हय सर, नक्की.' एवढं बोलून मी खुर्चीवर बसले. पायऱ्यांवर बाबा थोडा वेळ उभेच होते. मग तेही बसले.

तिनं टाकलेला चेंडू बॅटला लागून उंच, अगदी सरळ वर गेला. तो खाली येईपर्यंत आमचा सगळा बाक उठून उभा राहिला होता. मधल्या बेसजवळच्या पोरीनं तो दोन्ही हातांत धरून छातीशी कवटाळला आणि मग सगळ्यांचा एकच ढीग झाला. मीही त्या ढिगात पडले, खांद्यावर कुणाचं तरी ढोपर बसलं, आणि मी हसत होते आणि रडत होते. नव्या पोरीनं मला घट्ट धरलं आणि कानात ओरडली, 'ताई, म्या पाणी प्याले!'

'बघितलं गं, बघितलं,' मी म्हटलं.

फोटो, हार, बक्षिसं सुरू झाली. बाबा पायऱ्या उतरून जाळीपाशी आले. मी म्हटलं, 'बाबा, नाहीच झालं हो.'

'काय नाही झालं? लागलं की नीट.' बाबा म्हणाले, अगदी लग्न लागल्यासारखं. मग डबा उघडून त्यांनी माझ्यापुढं केला. आईनं गुळपोळ्या दिल्या होत्या. मी उभ्या उभ्या दोन खाल्ल्या. बाबा मैदानाकडं बघत होते. 'त्या पोरीला पाणी प्यायला कुणी शिकवलं?' त्यांनी विचारलं. मी बोट स्वतःकडं केलं, तोंड भरलेलं होतं. त्यावर ते जे हसले, तसं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. हसता हसता त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

'पण मी तुझा चेंडू बघायला आलो होतो,' ते म्हणाले. 'तो राहिला.'

'आता?'

'आता काय झालं? मैदान इथंच आहे, तूही इथंच आहेस.'

मी आजूबाजूला बघितलं. संघ फोटोत. फक्त ती गंगापूरची पोरगी हार गळ्यात तसाच ठेवून आमचं ऐकत उभी होती. तिनं कॅचरचा मोठा हातमोजा उचलला आणि पलीकडं जाऊन बसली. बाबा तिच्या मागं, जाळीच्या पलीकडं, छत्री काखेत धरून उभे राहिले. मी मध्यावर गेले. बाटली मागून घेतली, गुडघ्यावर बसले, पाणी प्यायले. सर लांबून बघत होते, पण हाक मारली नाही.

मग मी टाकला. सगळी ताकद लावली, खांद्याचा विचार केला नाही. चेंडू सुटला तो कॅचरच्या डोक्यावरून, जाळीवरून, पायऱ्यांच्याही पलीकडं. पोरगी खो खो हसायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं वाट बघून बाबांना दाखवला तो हा.

बाबांनी चेंडू गेला त्या दिशेला बघितलं, मग माझ्याकडं.

'चालतंय,' ते म्हणाले. 'दुसरा टाक. मी आज मोकळा आहे.'